रामाकोन्याच्या बाजारातली पट्टीची टोपली

सावनेर आणि केळवद मागे टाकून छिंदवाड्याचा रस्ता सातनूरपाशी मध्य प्रदेशात शिरतो. सीमा ओलांडल्याचं कळतं ते पाट्यांवरून. दुकानांवरचा मजकूर हिंदी होतो, पंचायतीच्या भिंतीवरच्या सूचना हिंदी होतात. माणसांच्या तोंडची भाषा मात्र होती तीच राहते. पलीकडच्या टपरीवरही ‘काय जी, चहा देऊ का’ असंच विचारतात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याच्यासोबत सौंसर आणि पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुकेही राहिले. 5 ऑक्टोबर 2023 पासून या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा आहे.

सकाळच्या पोह्यांतही दोन्ही राज्यं भेटतात. नागपूरकडचा माणूस पोह्यांवर हरभऱ्याची तर्री मागतो, भोपाळकडच्याला सोबत जिलेबी लागते. इथल्या टपरीवर एकाच बाकावर बसलेली दोन माणसं दोन तऱ्हांनी पोहे खात होती आणि मालकाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. पुण्यात असं काही मागितलं असतं तर आधी एक प्रवचन ऐकावं लागलं असतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे. अंबिया बहाराची शेवटची तोड चालू होती. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेलं झाड दिवाळीच्या आगेमागे फळ देतं, ते हे. झाडाखाली फळांचे ढीग, ढिगाभोवती उकिडव्या बसलेल्या बाया, त्यांचे हात लहान-मोठं फळ निवडत असतात आणि तोंडं गप्पा मारत असतात. ढिगापलीकडे निळ्या-लाल प्लास्टिकच्या कॅरेटांची भिंत. सौंसरच्या बाजारात शिरेपर्यंत ही भिंत अशी अधूनमधून दिसत राहते: ट्रकवर, गोदामासमोर, घराच्या अंगणातसुद्धा, एकावर एक रचलेली.

पूर्वी या जागी करंड्या असत. बांबूच्या, तोंडाशी रुंद. तळाशी तणस घालायचं, फळं रचायची, वर पुन्हा तणस, आणि सुतळीने तोंड शिवायचं. सौंसरच्या एका अडत्याकडे पांढऱ्या टोपीतले एक काकाजी बसले होते. नागपूर-छिंदवाडा मार्गावर छोटी गाडी धावायची (ती 2015 मध्ये बंद पडली आणि तिच्या जागी आता मोठी गाडी आहे), तेव्हा फलाटावर करंड्या कशा रांगेने लागत ते त्यांनी हाताने आखून दाखवलं. मग स्वतःच म्हणाले, ‘‘पन फळ सडे बी तितकंच. खालच्या थराचा रस निघून जाय.’’

हे खरं आहे, आणि करंडीबद्दल हळवं होण्याआधी ते मान्य केलं पाहिजे. गोल करंड्या एकावर एक रचल्या की वरचं वजन खालच्या फळावर येतं. कॅरेटचं वजन त्याच्या कडा उचलतात. कॅरेट धुता येतं, परत येतं, पुढच्या हंगामात पुन्हा भरता येतं. शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्याने हिशेब केला आणि करंडी गेली. या हिशेबात कोणी लबाडी केलेली नाही. फक्त ज्यांच्या घरी दिवाळीआधी करंड्यांशिवाय दुसरं काही विणलं जात नसे त्यांचं काम गेलं, आणि ते कोणाच्या वहीत खर्च म्हणून पडलं नाही.

सौंसरहून पांढुर्ण्याच्या वाटेवर जामसावळी आहे. इथला मारुती उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. त्याच्या दर्शनाला नागपूर-बैतुलहून माणसं येतात. देवळाबाहेरच्या दुकानांतून नारळ, हार, शेंदूर मिळतो तो साच्यात ओतलेल्या गुलाबी प्लास्टिकच्या परडीत. दर्शन झालं की परडी दुकानदाराला परत. आवारापलीकडे झाडाखाली एका कुटुंबाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजत होते. वांग्याची भाजी, वरण आणि राखेतून काढून तुपात बुडवलेले रोडगे. त्यांनी हाक मारून बसवलं. ओळख नव्हती, कुठले कोण हे विचारलं ते जेवण वाढून झाल्यावर. रोडगे मात्र बांबूच्या टोपलीत काढले होते. ‘‘प्लास्टिकात गरम टाकलं तर घाम येते न जी,’’ घरातल्या आजी म्हणाल्या. बांबूच्या टोपलीतून वाफ निघून जाते. देवाच्या परडीला ही अडचण नाही, कारण नारळाला वाफ नसते.

रामाकोना सौंसरच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या अंगाला. गावापलीकडे सातपुड्याची रांग दिसू लागते आणि रस्ता पुढे सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याच्या पठारावर जातो. म्हणजे खालचा कापूस-संत्र्याचा मुलूख आणि वरचं जंगल यांच्या सांध्यावरचं हे गाव. टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती अशा जागी असावी यात नवल नाही: बांबू वर, गिऱ्हाईक खाली.

बाजारात त्या दिवशी टोपल्यांची दोनच दुकानं होती. दुकानं म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं. पन्नाशीच्या एका बाईंपुढे दोन ढीग होते. उजवीकडे बांबूचा माल: सुपं, दुरड्या, कोंबड्या झाकायची डाली, भाकऱ्यांच्या टोपल्या, काही दुरड्यांत गुलाबी आणि हिरव्या रंगात बुडवलेल्या कांबी. डावीकडे तीच घडण, तोच घेर, तसाच वळलेला काठ, पण पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत. फरशांची खोकी, फ्रीज, कागदाचे गठ्ठे ज्या पट्टीने आवळून येतात तीच ही पट्टी. भंगारात किलोवर मिळते, नवी हवी तर रीळ मिळतं.

लांबून आलेल्या माणसाला उजवा ढीग आवडतो. रामाकोन्याचं गिऱ्हाईक डाव्या ढिगाकडे वाकत होतं. कुटार न्यायला, शेण उचलायला, कांदे ठेवायला, गवंड्याच्या हाताखाली रेती वाहायला पट्टीची टोपली. तिला पाणी लागलं तरी चालतं, उंदीर तिला सहसा शिवत नाही. उन्हात पडून राहिली तर मात्र काही वर्षांनी कडक होऊन तुटते.

‘‘बांबूची वरीसभर टिकते, पट्टीची चार वरीस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हनून तर धंदा बसला जी. एकदा नेलं की तो मानूस दिसतच नाही.’’

टिकाऊपणाबद्दल अशी तक्रार फक्त विणणाऱ्याकडूनच ऐकायला मिळेल.

त्यांचं घर बाजारापासून चालत जाण्याइतकं जवळ. अंगणात त्यांचे यजमान बांबू चिरत होते. मध्य भारतात टोपल्या-सुपांना लागतो तो बहुतेक मानवेल, आतून जवळजवळ भरीव असलेला. तो ओलाच चिरावा लागतो. वाळला की कोयत्याबरोबर सरळ चिरत नाही, वाटेल तिकडे तडकतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी भरपूर आणून ठेवू, अशी सोय नाही. त्यांनी पेरावरची गाठ कोयत्याने तासली, टोकाला घाव घालून बांबू उभा फाडला, दोनाचे चार, चाराचे आठ. मग खरं कसब: प्रत्येक फाकेची हिरवी पाठ आतल्या पांढऱ्या पोटापासून सोडवायची. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात, मधे कोयता नुसता टेकवलेला. पाठ चिवट असते, ती टोपलीच्या अंगाला जाते. पोट ठिसूळ, ते तट्ट्यात खपतं किंवा चुलीत जातं. चिरणं पुरुषाचं आणि विणणं बाईचं अशी वाटणी बहुतेक घरांत दिसते. इथेही होती, फक्त विकण्याचं कामही बाईंकडेच होतं.

या समाजाला मराठीत बुरूड म्हणतात, मध्य प्रदेशात बसोड. दोन्ही राज्यांत त्यांची नोंद अनुसूचित जातींत आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींचे चार खंड छापले, त्यांतही बांबूकाम करणाऱ्यांचं प्रकरण आहे. समाजाची स्वतःची आठवण त्याहून जुनी: बाराव्या शतकात बसवेश्वरांसोबतच्या शरणांमध्ये बांबूकाम करणारे मेदार केतय्या होते, आणि बुरूड त्यांना आपले संत मानतात. गावगाड्यात या घरावाचून कोणाचं चालत नसे. जन्मलेलं पोर सुपात ठेवायचं, लग्नाचं वाण दुरडीतून न्यायचं, तिरडीलाही बांबू. आणि घर मात्र गावाच्या कडेला.

बांबूची अडचण कायद्यानेही वाढवली होती. 1927 च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होत होती, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याचा प्रश्न यायचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. तरी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला स्वतःचा बांबू वाहून नेण्याचं पासबुक हाती पडायला 27 एप्रिल 2011 उजाडलं, आणि ते द्यायला त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला तो नोव्हेंबर 2017 मध्ये. मध्य प्रदेशात नोंदणी केलेल्या बसोड कुटुंबांना निस्ताराचा, म्हणजे वनखात्याकडून गरजेपुरता मिळणारा, बांबू सवलतीत मिळण्याची तरतूद आहे. अंगणातल्या यजमानांना ही तरतूद पाठ होती. त्यांची हरकत निराळी होती: सवलतीचा बांबू हाती येईपर्यंत वाळलेला असतो, आणि वाळलेल्या बांबूचं काय होतं ते त्यांनी कोयत्याचा एक घाव घालून दाखवलं. पट्टीला परवाना लागत नाही, ती वाळतही नाही. भंगारवाला ती दारात आणून टाकतो.

शहरातल्या हस्तकलेच्या दुकानांत पट्टीची टोपली दिसत नाही. पुण्याच्या बुरूड आळीत रुखवताच्या सजवलेल्या टोपल्या, बांबूचे पडदे, दिव्यांची झाकणं मिळतात आणि गिऱ्हाईक त्यांत ‘अस्सल’पणा शोधतं. मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्राने, चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राने बांबूतून राख्यांपासून खुर्च्यांपर्यंत नव्या वस्तू घडवायला शिकवलं. ही कामं मोलाची आहेत. त्यांत कारागिराचा माल बदलतो आणि सामान जुनंच राहतं. रामाकोन्याच्या बाईंनी नेमकं उलटं केलं: माल तोच ठेवला, सामान बदललं. असं करणाऱ्याला आपण कारागीर म्हणत नाही, तडजोड करणारा म्हणतो. हा न्याय मला पटत नाही. जामसावळीच्या गुलाबी परडीने विणणाऱ्यांचे हात रिकामे केले, कारण ती साच्यातून निघते. पट्टीच्या टोपलीत बूड बांधण्यापासून काठ वळण्यापर्यंत सगळं हाताचंच आहे. दोन्ही प्लास्टिक आहेत म्हणून त्यांना एका मापाने मोजणं चूक आहे.

जगात दुसरीकडे अशाच बदलाला निराळी वागणूक मिळाली. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात झुलू लोक इलाला नावाच्या ताडाच्या पानांतून टोपल्या करतात. आपल्या बुरडाची टोपली उभ्या कामट्यांतून आडवी कांब फिरवून उभी राहते. झुलू टोपलीत गवताची वळी गोल गोल फिरवत नेतात आणि पानाची पट्टी तिच्यावर गुंडाळून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला शिवतात. ‘इसिचुमो’ नावाचं बाटलीसारखं भांडं तर इतकं घट्ट शिवतात की ओलावा लागून धागे फुगले की त्यातून थेंब गळत नाही. त्यात ज्वारी-मक्याची बिअर ठेवायची. आपण ज्वारीची भाकरी केली, त्यांनी बिअर. बिअरच्या मडक्यावर झाकण म्हणून पसरट वाडगीसारखी ‘इम्बेंगे’ उपडी घालतात, आणि आपली गोष्ट या झाकणाची आहे.

1970 च्या दशकापर्यंत टिनाच्या आणि प्लास्टिकच्या भांड्यांनी तिथल्या टोपल्यांना मागे सारलं होतं. स्वीडिश मिशनरी केल लोफ्रोथ यांच्या पुढाकाराने एशोवे इथे वुकानी ही संघटना उभी राहिली, विणणाऱ्यांना बाजार मिळाला. रूबेन न्द्वांद्वे यांच्यासारख्या कारागिराच्या टोपल्या संग्रहालयांत गेल्या, त्याही नावानिशी. हा झाला पानाच्या टोपलीचा मार्ग. दुसरा मार्ग शहरात, रात्रपाळीत निघाला. डर्बन आणि जोहान्सबर्गला पहारेकरी म्हणून आलेले झुलू पुरुष रात्र काढायला टेलिफोनच्या भंगार केबलमधल्या तारा घेत. या तारा बारीक आणि प्लास्टिकने मढलेल्या, आणि ओळखू याव्यात म्हणून प्रत्येक जोडीचा रंग वेगळा. आधी त्यांनी हातातल्या काठ्यांवर त्या गुंडाळल्या, मग गावाकडच्या आठवणीतून इम्बेंगे घडली, पण तारेची: लाल, निळी, पिवळी, भोवऱ्यासारखी नक्षी फिरत गेलेली. एलियट म्खिझे हे नाव या पहिल्या फळीत घेतलं जातं. तेही रात्रीचे पहारेकरी होते.

पुढे 1990 च्या दशकात डर्बनच्या बॅट सेंटर या कलाकेंद्रात मारिसा फिक-जॉर्डन यांनी या विणकरांसोबत काम सुरू केलं. गांधीजींनी 1904 मध्ये ज्या भागात फिनिक्स वसाहत उभी केली त्याच्याच शेजारच्या क्वामाशूकडच्या वस्त्यांतून विणणारे आले, आणि आता त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. मागणी वाढली तशा टेलिफोनच्या तारा चोरीला जाऊ लागल्या. मग विणकामासाठी कारखान्यातूनच तार आणायला सुरुवात झाली. 2005 मध्ये डेव्हिड आर्मेंट आणि फिक-जॉर्डन यांचं या टोपल्यांवर मोठं पुस्तक निघालं, आणि 2024 च्या अखेरीस अमेरिकेतल्या सांता फे इथल्या लोककला संग्रहालयात फक्त तारेच्या विणकामाचं प्रदर्शन मांडलं गेलं. तारेची इम्बेंगे मडक्यावरून उतरली आणि भिंतीवर चढली. बिअर गाळायला, झाकायला लागतात त्या वस्तू मात्र अजूनही बऱ्याचदा गवता-पानांच्या असतात. रामाकोन्यात लग्नाची दुरडी बांबूची राहिली आणि शेणाची टोपली पट्टीची झाली, त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखं आहे.

फरक पडला तो मधल्या माणसांमुळे. तिथे पुस्तक लिहिणारं, रंगसंगती सुचवणारं, वस्तूखाली विणणाऱ्याचं नाव लावणारं कोणीतरी भेटलं. याची दुसरी बाजूही आहे: भिंतीवरच्या वाडगीचं भवितव्य परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीवर टांगलेलं असतं, आणि ती आवड बदलते. रामाकोन्याच्या टोपलीचं गिऱ्हाईक तीन-चार गावांच्या टप्प्यातलं आहे, त्याला नक्षीशी घेणं नाही आणि कोणी विणली याच्याशी तर नाहीच. शिवाय इथे जात आड येते. टोपली घेणाऱ्याला विणणारीचं नाव माहीत नसेल, पण आडनाव कळलं की पुरतं.

चहा आला. बाईंनी पाहुण्यासाठी शेजारच्या घरून कप मागवले आणि आतून उसाच्या गुळाचा खडा आणून हातावर ठेवला. फोनवर तारेच्या इम्बेंगेचं चित्र होतं ते त्यांना दाखवलं. रंगांवर त्या काही बोलल्या नाहीत. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, मधोमध बोट टेकवलं.

‘‘याचं बूड उलटून नाही दाखवलं काय?’’

उलट्या बाजूचं चित्र नव्हतं. त्यांनी यजमानांना हाक मारली. त्यांनी कोयता बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले आणि फोन डोळ्यांजवळ धरला. ‘‘हे विनलं नाही, गुंडाळलं हाय. आत लोखंडी तार गोल फिरवली असन, तिच्यावर हे रंगीत.’’ अशा कठीण तारेवरच्या विणीचे प्रकार खरोखर असतात. त्यांनी ते चित्रावरून ताडलं होतं.

‘‘तार कोनती?’’

टेलिफोनची, म्हटल्यावर ते हसले. ‘‘ते तं भंगारवाल्याकडं येते. जाळून टाकते तो. आतलं तांबं काढाले.’’

‘‘मंग एकदा म्हनाव जाळू नको,’’ बाई म्हणाल्या. ‘‘किलोभर आना. करून पाहू.’’

‘‘तांब्याच्या भावानं देईन तो. परवडन काय?’’

त्यावर वाद सुरू झाला असता, पण कुंपणाशी मोटारसायकल थांबली. मागे बसलेल्या बाई उतरल्या त्या थेट सुपांच्या चळतीकडे गेल्या. फेब्रुवारीत मुलीचं लग्न होतं. पाच सुपं आणि दोन दुरड्या हव्या होत्या, गुलाबी-हिरव्या कांबीच्या, बांबूच्याच. त्यांनी एक सूप उचलून उजेडाकडे धरलं, वीण कुठे विरळ आहे ते पाहिलं आणि निम्मा भाव सांगितला. घरच्या बाईंनी फोन परत दिला आणि पदर खोचून सुपाच्या काठावर बोट ठेवलं.